'तिथे नाही' की 'तिथे कुणी पाहिलंच नाही'?

शेवाळ (धागाकर्ती)

गेले आठ महिने एका वनस्पतिसंग्रहात डिजिटायझेशनचं काम करतेय. जुन्या हर्बेरियम शीट (वाळवलेली झाडं चिकटवलेले कागद) एकेक करून स्कॅन करायच्या, लेबल वाचायचं आणि कुणी, कधी, कुठे गोळा केलं ते रकान्यांत भरायचं. कंटाळवाणं नाही, पण डोळ्यांची वाट लागते. (संग्रह कोणता ते विचारू नका, सांगणार नाही.)

परवा एक नेचा हाती आला. वाळून तपकिरी झालेलं एकच पान, पाठीमागे बीजाणूंच्या ठिपक्यांच्या दोन रांगा अजून शाबूत. लेबलवर तिरप्या अक्षरात सही, क्रमांक ४१२, तारीख ७/८, आणि ठिकाणाच्या ओळीत एवढंच: 'कालच्याच जागी'.

आता काल म्हणजे कुठे बाबा? आणि ७/८ म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै?

वैतागून त्या नेच्याच्या जगभरातल्या नोंदी नकाशावर उघडल्या. ठिपके एका ओळीत, दोऱ्यात ओवल्यासारखे. वाटलं, नदीकाठ असणार, नेच्याला ओल हवीच. झूम केलं तर तो डांबरी रस्ता निघाला! रस्त्याच्या दोन्ही अंगांना सगळं कोरं. आणि एक ठिपका तर थेट गिनीच्या आखातात, भर समुद्रात.

या असल्या ठिपक्यांवरून आपण 'दुर्मीळ', 'फक्त इथेच आढळतो' वगैरे म्हणतो. त्यात त्या झाडाचं खरं किती आणि आपल्या पायांनी कुठवर नेलं त्याचं किती? जाणकारांनी लिहा.

रकानेबाज

समुद्रातल्या ठिपक्याचं उत्तर सोपं आहे. अक्षांश-रेखांश माहीत नव्हते, कुणीतरी रकाना रिकामा ठेवण्याऐवजी शून्य-शून्य भरलं. विषुववृत्त आणि शून्य रेखांश जिथे एकमेकांना छेदतात ती जागा गिनीच्या आखातात येते. आमच्या धंद्यात तिला 'नल आयलंड' म्हणतात. जगातले कितीतरी बेडूक, ऑर्किड आणि घुबडं तिथे सुखाने नांदताहेत.

असे आणखी नमुने: देशाच्या बरोब्बर मध्यबिंदूवर साचलेल्या नोंदी (फक्त देश माहीत होता), संग्रहालयाच्या इमारतीवरच पडलेले ठिपके (संस्थेचा पत्ता हाच सापडण्याचा पत्ता धरला गेला), आणि १ जानेवारीला अचानक उसळी मारणारी जीवसृष्टी. नुसतं साल माहीत असलं की काही प्रणाल्या आपणहून १ जानेवारी टाकतात. फुलोऱ्याच्या काळाचा अभ्यास करणाऱ्याने हे गाळलं नाही तर त्याची झाडं दर नववर्षाला फुलतात.

हे सगळे दिसणारे दोष, गाळता येतात. तुमचा रस्ता मात्र गाळता येत नाही, कारण त्यावरची प्रत्येक नोंद खरी आहे. नेचा तिथे आहेच. फक्त बाजूच्या कोऱ्या भागाबद्दल ती नोंद काहीच बोलत नाही. शाळेच्या हजेरीपटाचं उदाहरण घ्या: नावापुढे खूण नाही, म्हणजे मूल गैरहजर होतं की मास्तरांनी हाकच मारली नाही?

जीबीआयएफ हे २००१ साली सुरू झालेलं, कुठला सजीव कुठे आढळला याच्या नोंदींचं जगातलं सगळ्यात मोठं भांडार. अब्जावधी नोंदी आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या पक्ष्यांच्या. पक्ष्यांच्या प्रजाती साधारण अकरा हजार. नाव मिळालेले कीटकच दहा लाखांच्या घरात. यावरून काय ते समजा.

तिरकस

समजलं. पण बिघडलं काय? वाघ वाचला की जंगल वाचतं, जंगल वाचलं की तुमचा नेचाही वाचतो. प्रत्येक डासाची जनगणना करायला पैसा कुणाच्या बापाचा?

भिंगवाला

@तिरकस, वाघाच्या छत्रीखाली काय काय उभं आहे हे कुणी मोजलंय का, ते आधी विचारा. गवताळ माळावरचा टोळ, गुहेतला कोळी, डबक्यातला शिंपला यांच्यावर वाघाची छत्री येतच नाही.

आणि जनगणना सोडाच, घरं किती आहेत तेच ठाऊक नाही. टेरी अर्विन या कीटकशास्त्रज्ञाने पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर खालून कीटकनाशकाचा धूर सोडला आणि जे टपटप खाली पडलं ते गोळा केलं. नुसत्या भुंगेऱ्यांच्या बाराशेच्या आसपास प्रजाती! त्यावरून १९८२ साली त्याने हिशोब मांडला की उष्ण कटिबंधात संधिपाद प्राण्यांच्या (कीटक, कोळी, खेकडे वगैरे) तीन कोटी प्रजाती असाव्यात. गृहीतकांवर गृहीतकं होती, नंतरचे अंदाज बरेच खाली आले. २०११ साली एका गटाने पेशीकेंद्रक असलेल्या सगळ्या सजीवांचा अंदाज ८७ लाख काढला आणि म्हटलं की जमिनीवरच्या ८६ टक्के आणि समुद्रातल्या ९१ टक्के प्रजातींना अजून नावच नाही. बुरशींची गत त्याहून वाईट. अंदाज २२ ते ३८ लाख, नाव मिळालंय दीडेक लाखांना.

हे आकडे डोळे झाकून घेऊ नका, पण तीन कोटी आणि ८७ लाख यांतला फरक बघा. ताऱ्यांची अंतरं आपण यापेक्षा नेमकी सांगतो.

नाव नाही म्हणजे लाल यादीत, म्हणजे कोणती प्रजाती किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत, जागा नाही. त्या यादीत पक्षी जवळपास सगळे तपासून झालेत. नाव असलेल्या कीटकांतला शंभरात जेमतेम एखादा.

सुगरण

माझा आवडता किस्सा टाकते. पक्ष्यांत गातो तो नर, मादी गप्प बसून ऐकते आणि पसंत करते, हे आपण सगळे शाळेपासून वाचत आलो. युरोप-उत्तर अमेरिकेच्या थंड मुलुखातले पक्षी बघणाऱ्यांनी ते लिहिलं, आणि तिथे बऱ्याच अंशी ते खरंही होतं. मग २०१४ साली काही संशोधकांनी जगभरच्या गायक पक्ष्यांची माहिती एकत्र केली. जिथे माहिती मिळाली त्यातल्या ७१ टक्के प्रजातींत मादी गाते! वंशवृक्षावर मागे गेल्यावर दिसलं की या पक्ष्यांच्या पूर्वजांतही मादी गातच होती. म्हणजे गाणारी मादी ही जुनी रीत, आणि गप्प मादी हा नंतरचा अपवाद. पण अभ्यासक राहत होते अपवादाच्या गावात.

बरं, नर-मादी सारखे दिसत असतील आणि झुडपातून गाणं आलं, तर वहीत काय लिहिणार? 'नर, गात होता.' झालं, आणखी एक पुरावा तयार!

संग्रहालयातही हेच. पाच मोठ्या संग्रहालयांतले वीस लाखांहून जास्त नमुने तपासले (२०१९), तर पक्ष्यांत माद्या ४० टक्के आणि सस्तन प्राण्यांत ४८. ज्या नमुन्यावरून प्रजातीचं नाव ठरतं त्या टाइप नमुन्यांत तर पक्ष्यांच्या माद्या फक्त २७ टक्के. रंगीत पिसारा दिसला की बंदूक तिकडे वळायची.

शेवाळ

सुगरण, झाडांचंही असंच आहे हो. आल्प्सच्या नैर्ऋत्य भागातल्या ११३ वनस्पतींवर किती संशोधन झालं ते कुणीतरी मोजलं (२०२१). निळी फुलं आणि उठून दिसणारी उंच झाडं यांच्यावर जास्त लेख. दुर्मीळपणाचा तसा काही संबंध दिसला नाही. माझा नेचा बिचारा फुलतच नाही, त्याला कोण विचारतो.

तिरकस

म्हणजे शास्त्रज्ञही वधूपरीक्षाच करतात.

बरं, आता गंभीर प्रश्न. माहिती इतकी फाटकी असेल तर 'कीटक ७५ टक्के घटले' असल्या बातम्यांवर का विश्वास ठेवायचा? तुम्हीच म्हणता किती आहेत माहीत नाही, मग घटले हे कुणी सांगितलं?

भिंगवाला

चांगला प्रश्न. आधी तो अभ्यास नीट सांगतो, बातमीत अर्धाच येतो.

जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावच्या कीटकप्रेमींच्या मंडळाने हे काम केलं. त्यांनी १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित जागी मलेझ सापळे लावले. हा सापळा म्हणजे एक उघडा तंबू. रेने मलेझ या स्वीडिश माणसाला प्रवासात दिसलं की तंबूत शिरलेले कीटक वर वर चढत कोपऱ्यातल्या भोकातून निसटतात. त्याने त्या कोपऱ्यालाच बाटली लावली. क्रेफेल्डच्या लोकांनी प्रजाती ओळखत बसण्याऐवजी बाटलीतला ऐवज गाळून त्याचं वजन केलं. २७ वर्षांत ते वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं.

म्हणजे 'किती प्रजाती आहेत' हा प्रश्न न सोडवताही 'कमी झालं का' याचं उत्तर मिळालं, कारण सापळा तोच, पद्धत तीच. त्रुटीही आहेत, बऱ्याच जागी फक्त एकच वर्ष सापळा लागला होता. आणि ही जर्मनीतली गोष्ट. तिथे मोजलं म्हणून कळलं. उष्ण कटिबंधात इतक्या वर्षांच्या बाटल्या ठेवलेल्या जागा बोटांवर मोजाव्यात अशा, म्हणून 'जगभर ७५ टक्के' असं जो म्हणेल त्याचा कान धरा. तसंच जर्मनीबाहेर सगळं आलबेल असं म्हणणाऱ्याचाही.

रकानेबाज

+१. फाटक्या माहितीतूनही निष्कर्ष निघतो, फक्त भोकं कुठे आहेत ते लिहून ठेवावं लागतं.

एक छोटा हिशोब देतो. समजा एखादा बेडूक एका ओढ्यात खरोखर आहे, आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ३० टक्के. तीन फेऱ्या केल्या, एकदाही दिसला नाही. तो असूनही तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ३४ टक्के. तीनदा जाऊन 'इथे नाही' असं लिहिणाऱ्याच्या डोक्यावर ही तलवार असते. दहा फेऱ्या केल्या तर ती शक्यता तीन टक्क्यांच्या खाली येते.

पण हे गणित करायला रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्यांचीही नोंद हवी, आणि ती कुणी ठेवत नाही. मोबाइलवर फोटो टाकायचा तर फोटो दिसलेल्याचाच निघतो, न दिसलेल्याचा कसा काढणार? ईबर्डवर (पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींचं संकेतस्थळ) म्हणूनच विचारतात की ओळखलेले सगळे पक्षी यादीत आलेत का, किती वेळ पाहिलंत, किती चाललात. लोक तेवढं एक बटण घाईत काहीतरी दाबून पुढे जातात आणि आमच्यासारख्यांचं रक्त आटतं.

दर्यावर्दी

जमिनीवरचीच चर्चा चाललीय म्हणून भर टाकतो. हवाई आणि मेक्सिकोच्या मधे पॅसिफिकच्या तळाशी क्लॅरियन-क्लिपर्टन नावाचा पट्टा आहे. तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेत, मँगनीज, निकेल, कोबाल्ट. ते उपसायला कंपन्या टपून बसल्यात. २०२३ साली तिथल्या सगळ्या जीव-नोंदी एकत्र केल्या तेव्हा ५,५७८ प्रजातींचा अंदाज निघाला, आणि त्यातल्या नव्वदेक टक्के विज्ञानाला अनोळखी.

गंमत बघा, त्या पट्ट्याबद्दल जे काही कळलंय त्यातलं बरंचसं खाणकामाचे परवाने निघाले म्हणून कळलंय. परवान्याच्या अटींत जीवसृष्टीची पाहणी असते. शेजारच्या, ज्यात धातू नाही अशा तळाकडे जहाज सहसा जात नाही. @शेवाळ, तुमच्या डांबरी रस्त्याचाच हा पाण्याखालचा भाऊ.

दुसरी गोष्ट सीलकँथची. कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाला असं मानलेला हा मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत जाळ्यात आला. तिथल्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांनी तो काहीतरी वेगळा आहे हे ओळखून जपला. दुसरा मिळायला १४ वर्षं लागली, बक्षिसाची पत्रकं वाटली गेली. मिळाला तो कोमोरो बेटांवर, आणि तिथले कोळी म्हणाले, हा तर गोंबेसा, येतो अधूनमधून गळाला. त्यांच्याकडे त्याला नाव होतं, विज्ञानाकडे पत्ता नव्हता.

सुगरण

पक्षीशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर न्यू गिनीच्या डोंगरात गेला तेव्हा त्याने १३७ प्रजातींचे पक्षी ओळखले, आणि तिथल्या लोकांकडे त्यांतल्या १३६ ना वेगवेगळी नावं होती. एकाच जोडीत त्यांचा घोटाळा व्हायचा. तेवढा तर आमचाही होतो.

भिंगवाला

मान्य, पण लोकज्ञानालाही त्याचे रस्ते असतात. जे खातात, जे चावतं, जे पिकावर येतं त्याला नाव. त्याच डोंगरातल्या पालापाचोळ्यातल्या माइट्सना (कोळ्यांचे बारीक भाऊबंद) किती नावं होती ते मायरने विचारलं नसावं. :)

जुनी_वही

धागा उत्तम चालला आहे. आतापर्यंत सर्वांनी प्रामाणिक चुकांबद्दल लिहिले. एक अप्रामाणिक चूकही नोंदवून ठेवतो.

रानपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली केले. त्यानंतर १८८४ पर्यंत थोडे नमुने मिळाले आणि पुढे पक्षी गायबच झाला. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून नमुने सात. त्यांतला सर्वांत अलीकडचा कर्नल रिचर्ड माइनरट्झहागेन यांच्या संग्रहातला, लेबलवर १९१४ आणि गुजरातेतील मांडवी. साहजिकच शोध घेणारे त्या लेबलाच्या भरवशावर तिथे जात आणि हात हलवत परत येत.

पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नाइजेल कॉलर यांच्यासह त्या नमुन्याची अक्षरशः शिवण उसवून तपासणी केली. आतल्या खुणा जेम्स डेव्हिडसन यांच्या हातच्या निघाल्या. त्यांनी १८८० च्या दशकात खानदेशात नमुने गोळा केले होते. म्हणजे कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून जुना नमुना उचलला, पुन्हा नव्याने भरला आणि स्वतःचे लेबल लावले. ते लेबल बाजूला ठेवून खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी, आणि भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेला.

एक खोटे लेबल पक्ष्याला नामशेष ठरवण्याच्या बेतात होते. शेवाळताई, 'कालच्याच जागी' लिहिणारा आळशी असेल, पण निदान खोटे बोलला नाही.

तिरकस

हे मात्र भारी. कर्नलवर वेगळा धागा काढा, त्याच्याकडे आणखी माल असणार.

माझा एक शेवटचा. लाल यादीत 'डेटा डेफिशियंट' असा शेरा असतो तो म्हणजे सुरक्षित समजायचं की धोक्यात? आमच्या ऑफिसात 'माहिती अपुरी' म्हणजे फाइल कपाटात.

रकानेबाज

तिथेही बहुतेक वेळा तेच होतं. पैसा आणि संरक्षण 'संकटग्रस्त' शेऱ्याकडे जातं, 'माहिती अपुरी'कडे नाही. २०२२ साली अशा ७,६९९ प्रजातींवर संगणकी प्रारूप चालवून पाहिलं. निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, धोक्यात असाव्यात असं निघालं. उभयचरांत ८५ टक्के. प्रारूप आहे, जनगणना नव्हे. पण कपाटातल्या फायली कुठल्या हे त्यावरून कळतं.

भिंगवाला

कपाटावरून ओलिंग्वितो आठवला. अँडीजच्या ढगाळ जंगलातला हा मांजराएवढा प्राणी २०१३ साली 'नवी प्रजाती' म्हणून जाहीर झाला. त्याची कातडी आणि कवट्या अनेक दशकं संग्रहालयांच्या खणांत चुकीच्या नावाने पडून होत्या. एवढंच काय, एक जिवंत मादी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत फिरवत होते, ओलिंगो हा तिच्यासारखा दिसणारा दुसरा प्राणी समजून. पिल्लं होत नाहीत म्हणून या नरापासून त्या नराकडे. कशी होणार, नवरे दुसऱ्याच प्रजातीचे!

नमुना गोळा होण्यापासून त्याला नवी प्रजाती म्हणून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं एका अभ्यासात निघालं होतं. फुलझाडांच्या अजून नाव न मिळालेल्या प्रजातींपैकी निम्म्याहून जास्त आधीच हर्बेरियममध्ये आलेल्या असाव्यात, असाही एक अंदाज आहे. म्हणून शेवाळ, तुमचं काम जंगलात जाण्याइतकंच शोधाचं आहे.

आणि ४१२ चं कोडं सुटू शकतं. जुने लोक एकाच झाडाचे चार-पाच तुकडे करून वेगवेगळ्या संग्रहांना पाठवत, क्रमांक तोच. तुमच्याकडे ४११ नसेल तर त्याची जोडशीट दुसरीकडे असेल. गोळा करणाऱ्याच्या नावाने शोधा.

शेवाळ

चार दिवसांनी येतेय, पण हात हलवत नाही.

४११ सापडली! समुद्रापलीकडच्या एका संग्रहात, स्कॅन करून ठेवलेली. धडधडत्या छातीने लेबल मोठं केलं. ठिकाण: 'कालच्याच जागी'.

४१० कुठेच नाही. ४०९ आणखी तिसऱ्याच देशात. त्यावर मात्र ओळभर मजकूर आहे: 'नदीवरच्या तळापासून उत्तरेस अर्ध्या दिवसाची चाल, ओल्या कातळावर.' आणि तारीख अक्षरात लिहिलीय, ५ ऑगस्ट. ४११ वर ६/८. म्हणजे आमची ७/८ ही सात ऑगस्टच.

गंमत म्हणजे, झाड ज्या मातीत उगवलं तिथे राहणाऱ्या कुणाला हा शोध घ्यायचा असता तर दोन परदेशांतले संग्रह पालथे घालावे लागले असते. मला ते बसल्या जागी मिळालं, कारण कुणीतरी त्या शीटा माझ्यासारख्याच डोळ्यांची वाट लावून भरल्या होत्या.

अडलंय एवढंच: अर्ध्या दिवसाची चाल म्हणजे किती? जंगलात, चढावर, वनस्पती गोळा करत?

जुनी_वही

गोळा करत चालणारा माणूस दिवसाला फार अंतर कापत नाही. अर्ध्या दिवसात पाच ते आठ किलोमीटर. त्याच्या तळाची जागा नक्की आहे का?

शेवाळ

त्याच्या इतर शीटांवरून नदीचा फाटा कळतो, तळ नेमका नाही.

रकानेबाज

मग ठिपका टाका, पण अनिश्चिततेच्या रकान्यात त्रिज्या भरा. तळाची चूक अधिक चालण्याची चूक. तो रकाना रिकामा सोडलात तर उद्या कुणीतरी तो ठिपका मीटरभर अचूक धरून त्यावर हवामानाचं प्रारूप बांधेल.

शेवाळ

भरलं. तारीख ७ ऑगस्ट, अनिश्चितता १५ किमी, शेऱ्यात '४०९ आणि ४११ च्या लेबलांवरून अनुमान'. वर्तुळ काढून पाहिलं तर रस्ता त्याच्या बाहेर राहतो.

आता ४१३ घेतलीय. लेबलवर 'वरीलप्रमाणे'.

तिरकस

:)) बसा आता.